सांगणारा हवा, तसा ऐकणाराही हवा

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाला आणि मुले मारली गेली, ही बातमी आता आपल्या वाचकांस नवी राहिलेली नाही. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा येतो. दुसऱ्या दिवशी फुलांची आणि मेणबत्त्यांची छायाचित्रे येतात. तिसऱ्या दिवशी बंदुकीच्या कायद्यावरून तेथील दोन पक्षांची जुंपते. मग आठवडाभराने आणखी एक बातमी येते आणि ती बहुधा आतल्या पानावर, एका कोपऱ्यात छापली जाते. ती अशी की, ज्याने हे कृत्य केले त्याच्याविषयी पुष्कळांना आधीच शंका आली होती. कोणाजवळ तो बोलला होता, कोणी त्याची वही पाहिली होती, कोणी तर पोलिसांना कळविलेही होते. आमच्या मते सर्वांत अधिक विचार करण्याजोगी बातमी हीच असते, आणि ह्या लेखात आम्ही तिचाच विचार करणार आहोत.

बंदुकांचा प्रश्न लहान आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ज्या देशातील अनेक राज्यांत अठरा वर्षांच्या तरुणाला दुकानात जाऊन रायफल विकत घेता येते, तेथे रागाचे रूपांतर रक्तपातात होण्यास वेळ लागत नाही. परंतु तो कायदा बदलणे हे त्या देशाच्या मतदारांच्या हाती आहे. आपल्याजवळच्या कोणाच्या मनात काही भयंकर शिजत आहे असे दिसले तर काय करावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही देशातील आईबापांचा, शेजाऱ्यांचा आणि शिक्षकांचा आहे. म्हणून अमेरिकेने ह्या बाबतीत जे शिकून घेतले आहे, आणि फार मोठी किंमत देऊन शिकले आहे, ते आपणही समजून घेतले पाहिजे.

दोन दिवस, दोन फोन

वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल शहराच्या उत्तरेस, एव्हरेट नावाचे शहर आहे. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथील एका आजीने पोलिसांना फोन केला. तिच्या अठरा वर्षांच्या नातवाची रोजनिशी तिच्या हाती पडली होती, आणि तीत शाळेत शिरून मुलांना ठार मारण्याचा बेत तपशीलवार लिहिलेला होता. घरात गिटारच्या पेटीत रायफल होती. आजीने हे सारे पोलिसांस सांगितले. त्याच दिवशी नातवाला अटक झाली. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यास दीर्घ मुदतीची शिक्षा झाली.

दुसऱ्याच दिवशी, १४ फेब्रुवारीला, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकास, फ्लोरिडातील पार्कलंड गावी, मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एका माजी विद्यार्थ्याने १७ जणांचे प्राण घेतले. येथेही आधी फोन झालेला होता. ५ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे सुमारे सहा आठवडे अगोदर, त्या तरुणाच्या जवळच्या एका व्यक्तीने एफ. बी. आय. ह्या केंद्रीय तपास खात्याला कळविले होते की, ह्याच्याजवळ बंदुका आहेत, माणसे मारण्याची भाषा तो करतो, आणि तो एखाद्या शाळेत गोळीबार करील अशी भीती वाटते. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, मिसिसिपी राज्यातील एका गृहस्थाने इंटरनेटवर त्या तरुणाच्या नावाने आलेले धमकीवजा वाक्य पाहून त्याच खात्याला खबर दिली होती.

जानेवारीतील फोन वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे, सर्व देशाच्या खबरी घेणाऱ्या कचेरीत गेला. तेथून तो मायामीच्या कचेरीकडे, म्हणजे जेथून माणूस पाठवून चौकशी करता आली असती तेथे, कधी गेलाच नाही. आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. येथे तर बंब सोमेश्वरीहूनही हलला नाही. हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी एफ. बी. आय. ने जाहीरपणे मान्य केले की, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकन न्याय खात्याने पीडित कुटुंबांशी १२ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड केली. पैशाने मुले परत येत नाहीत. पण सरकारी खात्याने खबर ऐकून न ऐकल्यासारखे केले, ह्याचा तो एक प्रकारे जबाबच होता.

हे दोन फोन शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही ठिकाणी कोणाला तरी ठाऊक होते. दोन्ही ठिकाणी ठाऊक असलेल्या व्यक्तीने धीर करून सांगितले. एका ठिकाणी ऐकणारा उठून चालू लागला, दुसऱ्या ठिकाणी ऐकणारा जागचा हलला नाही. 'दिसले तर सांगा' एवढाच उपदेश जे करतात ते अर्धीच गोष्ट सांगतात, असे आम्हांस वाटते ते ह्याच कारणाने.

बेत पाझरतो

अशा कृत्यांविषयी लोकांची एक समजूत असते की, माणूस एकाएकी भडकतो आणि बंदूक उचलतो. ती समजूत बहुतांशी चुकीची आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणारे सीक्रेट सर्व्हिस हे खाते आणि तेथील शिक्षण खाते ह्यांनी मिळून २००२ साली एक अहवाल काढला. १९७४ ते २००० ह्या काळात शाळांतून झालेले ३७ हल्ले आणि ते करणारे ४१ जण ह्यांचा त्यात अभ्यास होता. त्यांपैकी ८१ टक्के हल्ल्यांत हल्लेखोराचा विचार किंवा बेत निदान एका तरी दुसऱ्या व्यक्तीस आधी माहीत होता. ५९ टक्के हल्ल्यांत तो एकाहून अधिकांना माहीत होता. माहीत असणारे बहुतेक कोण? तर मित्र, वर्गबंधू, भावंडे. ज्याला मारायचे त्यालाच समोरासमोर धमकी देणारे मात्र फार थोडे, १७ टक्के, होते.

त्या अहवालातील दुसरा निष्कर्षही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अशा हल्लेखोराचा ठराविक असा नमुना नसतो. कोणी अभ्यासात हुशार होते, कोणी मागे होते. कोणाला मित्र नव्हते, तर कोणाला पुष्कळ होते. तेव्हा चेहरा, कपडे, एकलकोंडा स्वभाव किंवा आवडते संगीत पाहून असा मुलगा ओळखता येत नाही. ओळखता येते ती त्याची वागणूक आणि त्याचे बोलणे.

एफ. बी. आय. च्या २००० सालच्या एका अहवालात ह्या गोष्टीस 'गळती' अशा अर्थाचा शब्द वापरलेला आहे. आपण त्यास पाझर म्हणू. नव्या मडक्यात पाणी भरून ठेवले की त्याच्या अंगावर ओल उमटते, तसा मनातला बेत बोलण्यातून, वहीतल्या चित्रांतून, निबंधातून आणि आजकाल मोबाइलवरील संदेशांतून बाहेर पाझरतो. मित्राला 'उद्या शाळेत येऊ नकोस' असे सांगणे, मागील एखाद्या हत्याकांडाचे सतत कौतुक करणे, हत्याराची शोधाशोध करणे, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'आता सगळे संपणार आहे' अशी भाषा बोलणे, ही त्या ओलीची रूपे आहेत. ह्यांपैकी एकच गोष्ट दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन-चार एकत्र दिसू लागल्या, आणि त्यांच्या मागे एखादा ताजा अपमान, ताटातूट किंवा अपयश असले, म्हणजे मात्र स्वस्थ बसणे बरे नाही.

सीक्रेट सर्व्हिसने २०२१ साली उलट बाजूने अभ्यास केला. २००६ ते २०१८ ह्या काळात शाळांवरील जे ६७ कट वेळीच उधळले गेले ते कसे उधळले, हे त्यांनी पाहिले. उत्तर साधेच निघाले. कट करणारे बोलले, लिहिले, आणि ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या कोणीतरी, बहुधा शाळेतल्याच मुलांनी, मोठ्यांना सांगितले. कुलपे, पहारेकरी आणि कॅमेरे ह्यांवर अमेरिकेत अमाप पैसा खर्च होतो. तो निरुपयोगी आहे असे नाही. पण ह्या मुलांच्या तोंडच्या एका वाक्याने जे झाले ते स्वस्तात झाले आणि आधी झाले.

पाहणारे गप्प का बसतात

मग सगळेच का सांगत नाहीत? एफ. बी. आय. ने २००० ते २०१३ ह्या काळातील ६३ हल्लेखोरांचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. शाळाच नव्हे, तर कचेऱ्या, दुकाने आणि इतर सार्वजनिक जागांवरील हल्लेही त्यात होते. प्रत्येक हल्लेखोराच्या वागण्यात सरासरी चार ते पाच चिंताजनक गोष्टी त्याच्या भोवतीच्या माणसांस दिसल्या होत्या. त्या पाहून काय केले गेले? ८३ टक्के प्रकरणांत कोणीतरी त्या माणसाशीच बोलून पाहिले. ५४ टक्के प्रकरणांत पाहणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी काहीच केले नाही. पोलिसांपर्यंत गोष्ट गेली ती ४१ टक्के प्रकरणांत.

गप्प बसण्याची कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. 'तो काही करणार नाही, नुसता बोलतो.' 'उगाच आपण खोटे पडलो तर?' 'मित्राचे नाव कसे सांगायचे?' आणि घरच्या माणसांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण म्हणजे लाज. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण आजोबा-पणजोबांपासून जपून ठेवली आहे. घरातला मुलगा बिघडला, नवरा मारहाण करू लागला, भाऊ विचित्र वागू लागला, तर पहिला विचार मनात येतो तो जातीतले, नात्यातले लोक काय म्हणतील हा. आपले बेट लहान आहे. येथे कोणाच्या घरी काय चालले आहे हे चार गावांना ठाऊक असते. लग्नात, बाजारात, समुद्रकिनारी सहलीला गेलेल्या बसमध्ये त्याचा भरपूर पालाब होतो. पण ज्याला सांगितल्याने काही होईल अशा एकाही माणसाच्या कानावर ती गोष्ट जात नाही. सगळ्यांना माहीत आणि कोणीच सांगितलेले नाही, अशी ही विचित्र अवस्था असते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आम्ही मोठ्यांनीच निर्माण करून ठेवली आहे. लहानपणापासून आपण त्यांना शिकवितो की चहाडी वाईट. ते योग्यच आहे. परंतु चहाडी आणि इशारा ह्यांतील फरक आपण शिकवीत नाही. 'बाई, ह्याने माझी पेन्सिल घेतली' ही तक्रार झाली. 'गुरुजी, ह्याने गृहपाठ नक्कल केला' ही चहाडी झाली. 'गुरुजी, हा म्हणतो की मला जगायचे नाही' किंवा 'हा म्हणतो की त्या मुलाला मी संपवीन' हा इशारा झाला. तो न सांगणाऱ्या मुलाच्या मनावर पुढे आयुष्यभर ओझे राहते. हा फरक पाचवी-सहावीच्या मुलास सहज कळतो, पण कोणीतरी तो बसवून समजावून सांगावा लागतो.

सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने २००८ साली अशाच मुलांच्या मुलाखती घेतल्या, ज्यांना आपल्या सोबत्याचा बेत आधी ठाऊक होता. ज्या मुलांचे एखाद्या शिक्षकाशी किंवा मोठ्या माणसाशी विश्वासाचे नाते होते ती पुढे आली. जी मुले समजत होती की आपल्यालाच दटावले जाईल, ती गप्प राहिली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे वाक्य पहिल्या पानावर लिहून ठेवावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

ऐकणाऱ्यांचे कर्तव्य

आता दुसरी बाजू पाहू. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाईन हायस्कूलमध्ये त्या शाळेच्याच दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलांची आणि एका शिक्षकाची हत्या केली. त्याच्या आदल्या वर्षी एका कुटुंबाने शेरिफच्या कचेरीत तक्रार केली होती की, ह्या दोघांपैकी एक मुलगा आमच्या मुलास धमक्या देतो आणि बाँब तयार केल्याचे इंटरनेटवर लिहितो. त्या मुलाच्या घराची झडती घेण्यासाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशापुढे कधी ठेवलाच गेला नाही.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि वास्तुकला शिकण्यासाठी मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे आपल्याकडील पुष्कळ घरांना सांगावे लागणार नाही. हल्लेखोर विद्यार्थ्याच्या लिखाणाने आणि वर्तनाने इंग्रजी विभागातील शिक्षक २००५ सालीच अस्वस्थ झाले होते. विभागप्रमुखांनी विद्यापीठाच्या निरनिराळ्या कचेऱ्यांस कळविले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यायालयाने त्यास बाहेरून उपचार घेण्याचा आदेश दिला. तो उपचार झाला की नाही हे कोणी पाहिले नाही. गव्हर्नर टिम केन ह्यांनी नेमलेल्या चौकशी मंडळाला असे आढळले की, शिक्षकांजवळ एक तुकडा होता, पोलिसांजवळ दुसरा, दवाखान्याजवळ तिसरा. पण विद्यार्थ्याच्या खाजगीपणाचा कायदा आड येतो अशा चुकीच्या समजुतीने ते तुकडे कोणी जुळविले नाहीत.

आणि ३० नोव्हेंबर २०२१ ची मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड हायस्कूलची कथा तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. आदल्या दिवशी एका शिक्षिकेने पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यास मोबाइलवर काडतुसांची माहिती शोधताना पाहिले आणि शाळेला कळविले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचे आणि रक्तबंबाळ माणसाचे चित्र दिसले. मनातले विचार थांबत नाहीत, मला मदत करा, अशा अर्थाचे शब्दही होते. शिक्षिकेने तेही वर कळविले. आईबापांना बोलावणे गेले, ते आले. मुलाला घरी न्यावे असे सुचविले गेले, त्यांनी नेले नाही. चारच दिवसांपूर्वी वडिलांनी पिस्तूल विकत घेतले होते, ही गोष्ट त्यांनी शाळेस सांगितली नाही. शाळेने त्याचे दप्तर तपासले नाही. त्याला वर्गात परत पाठविले. पिस्तूल दप्तरातच होते. दुपारच्या गोळीबाराने चार मुलांचा बळी घेतला.

शिक्षकांनी येथे आपले काम केले. मुलाने स्वतः तर मदतीची हाक कागदावर लिहून दिली होती. खोलीत बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणी 'बंदूक आहे का?' हा एक प्रश्न विचारला नाही. धोका तपासण्याचे लेखी नियम त्या शाळेजवळ होते, पण ते पाळले गेले नाहीत, असे पुढील चौकशीत निघाले. २०२४ साली त्या मुलाच्या आईस आणि वडिलांस सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा देण्यात आली. मुलाच्या कृत्यासाठी आईबापांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेत शाळेच्या गोळीबारातील ती पहिलीच वेळ होती.

संशय वागण्याचा, चेहऱ्याचा नव्हे

इतके वाचून कोणी म्हणेल, मग प्रत्येक शंकेची खबर पोलिसांना देत सुटावे. तसेही आम्ही म्हणणार नाही. लांडगा आला रे आला, असे रोज ओरडल्याने काय होते ते आपणांस ठाऊक आहे. आणि त्याहूनही वाईट गोष्ट म्हणजे, संशयाला माणसाचा रंग, धर्म आणि पगडी फार लवकर दिसते.

सप्टेंबर २०१५ मध्ये टेक्सासमधील अर्विंग येथे चौदा वर्षांच्या एका मुसलमान विद्यार्थ्याने घरी जुळविलेले घड्याळ शिक्षकांना दाखविण्यासाठी शाळेत नेले. ते बाँबसारखे दिसते असे म्हणून त्याला हातकड्या घालण्यात आल्या. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यास व्हाइट हाउसला बोलाविले. पण एका मुलाच्या मनावर जो घाव व्हायचा तो झाला. ह्या मुलाने कोणाला धमकी दिली नव्हती, कोणावर राग धरला नव्हता. त्याच्या वागण्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोधी ह्या शीख पेट्रोलपंपवाल्याची हत्या झाली. मारेकऱ्याने आधी ओळखीच्या लोकांजवळ पगडीवाल्यांना गोळ्या घालण्याची भाषा केली होती, असे खटल्यात पुढे आले. तो संतापाच्या भरातला बोलघेवडेपणा आहे असे ऐकणाऱ्यांस वाटले असावे. त्या दिवसांत सारा देश पगडी घातलेल्या माणसांकडे संशयाने पाहत होता, आणि संशय घेण्याजोगे बोलणारा माणूस मोकळा फिरत होता.

म्हणून ज्या जाणकारांनी ह्याचा अभ्यास केला त्यांनी चौकशीची रीत ठरवून दिली आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००१ साली शाळांसाठी एक पद्धत तयार केली. मुलाच्या तोंडून धमकी निघाली तर पहिला प्रश्न हा की, ती रागाच्या भरात निघालेली, समजूत घालताच विरून जाणारी धमकी आहे, की तिच्यामागे ठाम बेत आहे? पहिल्या प्रकारात मुलाला समजवावे, माफी मागावयास लावावी आणि विषय संपवावा. दुसऱ्या प्रकारात शिक्षक, समुपदेशक, पोलिस आणि पालक ह्यांनी एकत्र बसून ज्याला धोका आहे त्यास सावध करावे, हत्यार दूर करावे आणि मुलाच्या दुखण्यावर इलाज करावा. खेळाच्या मैदानावर 'तुला मारून टाकीन' असे ओरडणाऱ्या प्रत्येक पोरास पोलिस चौकीत नेणे हा मूर्खपणा होईल, आणि रोजनिशीत तारीख व शाळेचे नाव लिहिणाऱ्याकडे काणाडोळा करणे हा त्याहून मोठा. व्हर्जिनिया राज्याने २००८ साली सरकारी विद्यापीठांत आणि २०१३ साली सर्व सरकारी शाळांत अशी मंडळे नेमणे कायद्याने सक्तीचे केले.

खबरीचा शेवट मदतीत व्हावा

कोलंबाईननंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीवरून कोलोरॅडो राज्यात २००४ पासून मुलांनी नाव न सांगता खबर देण्याची सोय सुरू झाली. तिचे नाव 'सेफ टू टेल'. २००७ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राहते, आणि खबर शाळा व पोलिस ह्या दोघांकडे जाते, म्हणजे एकाने ती खिशात घातली तरी दुसरा असतो. पार्कलंडच्या दुखण्यावरचे औषधच हे.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. शाळेतील हत्याकांडे थांबावीत म्हणून उभारलेल्या ह्या व्यवस्थेकडे सर्वांत जास्त खबरी येत राहिल्या त्या कोणत्या? बाँबच्या नव्हेत, बंदुकीच्याही नव्हेत. वर्षानुवर्षे पहिला क्रमांक होता तो आत्महत्येच्या विचारात असलेल्या मुलांविषयीच्या खबरींचा. 'माझी मैत्रीण रात्री असे असे लिहीत होती, तिला कोणीतरी भेटा,' असे सांगणारी मुले ह्या व्यवस्थेचा खरा कणा आहेत. दुसऱ्याला मारण्याचा विचार आणि स्वतःला संपविण्याचा विचार हे पुष्कळदा एकाच विहिरीचे पाणी असते. हल्लेखोरांपैकी अनेकांनी आधी स्वतःच्या मरणाची भाषा केली होती.

ह्यावरून खबर देण्याचा अर्थच बदलतो. ती केवळ गुन्हेगार पकडून देण्याची गोष्ट राहत नाही. पाण्यात पाय घसरणाऱ्या माणसाला हात देण्यासाठी दुसऱ्याला हाक मारण्याची ती गोष्ट होते. एव्हरेटच्या त्या आजीने आपल्या नातवाला तुरुंगात पाठविले असे कोणी म्हणेल. तिने किती घरची मुले वाचविली, हे तर खरेच. शिवाय तिचा नातूही जिवंत राहिला, आणि त्याच्या हाताला कोणाचे रक्त लागले नाही. नातवावर माया नसती तर त्याची वही वाचून ती हादरली नसती. मायेपोटी झाकून ठेवणे सोपे होते. मायेपोटी सांगणे फार कठीण होते.

आपण काय करावे

आपल्या बेटावर बंदुका अशा रस्तोरस्ती मिळत नाहीत, हे आपले सुदैव आहे. पण सुरा, पेट्रोलची बाटली आणि विषाची बाटली कोणत्याही देशात मिळते. घरातील छळ, प्रेमभंगानंतरच्या धमक्या, मुलांमधील क्रूर थट्टा, निराशेत बुडालेले तरुण, ह्यांपैकी आपल्याकडे काय नाही? तेव्हा अमेरिकेच्या अनुभवातून घरी आणता येतील अशा काही गोष्टी आम्ही सुचवितो.

पालकांनी मुलाला महिन्यातून एकदा तरी गुणांचा आणि परीक्षेचा विषय न काढता विचारावे की, तुझ्या वर्गात कोणी फार दुःखी आहे का, कोणाची तुला भीती वाटते का. आणि तो सांगू लागला तर मध्येच बोलू नये. घरातल्याच माणसाविषयी शंका आली तर ती झाकून ठेवू नये. घरच्या डॉक्टरांपासून, विश्वासातल्या शिक्षकापासून सुरुवात करावी, आणि हत्यार, दिवस, जागा ह्यांची भाषा असेल तर विलंब न लावता पोलिसांकडे जावे. आईबाप दूर देशी आणि मूल विद्यापीठात असेल, तर त्याच्या एखाद्या मित्राचा आणि तेथील विद्यार्थी-साहाय्य कचेरीचा फोन क्रमांक आईबापांजवळ असावा. मूल अचानक बोलेनासे झाले तर कोणाला विचारायचे, हे आधी माहीत हवे.

शिक्षकांनी सांगणाऱ्या मुलाला पहिले वाक्य 'बरे केलेस, सांगितलेस' हे ऐकवावे, आणि मग त्याच दिवशी ती गोष्ट पुढे न्यावी. काय केले ते लिहून ठेवावे. पुढे नेल्यावर 'आपले काम झाले' असे समजू नये. दुसऱ्या दिवशी विचारावे की काय झाले. ऑक्सफर्डमध्ये आणि क्लार्क्सबर्गमध्ये जे चुकले ते ह्या शेवटच्या पायरीवर चुकले. शाळांच्या मुख्याध्यापकांनी कोणाकडे सांगायचे त्या दोघांची नावे भिंतीवर लावावीत. एक रजेवर असला तरी दुसरा असावा.

आणि आपल्या मंडळींनी, बैठकांनी, महिला समित्यांनी निदान एका सभेत ह्या विषयावर बोलावे. गणेशोत्सवाच्या सभेत आपण संस्कृती आणि भाषा ह्यांवर इतकी भाषणे करतो. एक भाषण ह्यावर झाले तर गणपती रागावणार नाही. ज्या घरात काही बिघडले आहे त्या घराला आपण हसणार नाही, एवढे वचन समाजाने दिले तर झाकलेल्या मुठी आपोआप उघडतील. लोक काय म्हणतील ह्या भीतीने जे तोंड बंद राहते, ते उघडण्याची किल्ली त्या लोकांच्याच, म्हणजे आपल्याच हाती आहे.

सांगणाऱ्याला धीर लागतो. ऐकणाऱ्याला कामाला लागावे लागते. ह्यांपैकी कोणती भूमिका कोणाच्या वाट्याला केव्हा येईल हे सांगता येत नाही, म्हणून आपण सर्वांनी दोन्हींची तयारी ठेवावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.